नारिंगी की लाल

गोडादरा, सुरत
२० नोव्हेंबर २०२३

ती. नाना,

नमस्कार. दिवाळीला फोन केला होता. तुम्ही नुसतं "हॅलो, कोण बोलतंय?" करत राहिलात आणि मी इकडून ओरडत राहिले. गल्लीतली माणसं दारात येऊन बघायला लागली, तेव्हा ठेवून दिला. टचचा फोन घ्यायला तुम्ही तयार नाही. मग आज पोस्टातून पाकिटं आणली. सासऱ्याला पत्र लिहिणारी सून या गल्लीत मी एकटीच असेन.

बातमी अशी की साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम मी सोडलं. घराजवळच एका वर्कशॉपमध्ये एलईडी दिव्यांच्या आतल्या प्लेटी बनवतात, तिथं लागलेय. आम्ही सगळ्या बायकाच आहोत. चंचलबेन म्हणून सुपरवायझर आहेत, बोलायला कडक, पण चहा स्वतःच्या हातानं देतात. सध्या माझं काम म्हणजे झालेल्या प्लेटींच्या मागचे तारांचे पाय कापणं. रेझिस्टर ओळखता आले तर प्लेट भरायला बसवतील. त्यावर रंगाचे पट्टे असतात आणि मला ते सगळे सारखेच दिसतात. चंचलबेन एकदाच सांगतात, तेही गुजरातीत आणि भरभर.

तुम्ही अमळनेरात जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेत. मी दुकानात डबा आणून तुमच्यासमोर बसत होते तेव्हा एकदाही विचारलं नाही, आता विचारते. दोन रेझिस्टर कागदाला चिकटवून पाठवलेत. कसे वाचायचे ते लिहा.

हे चलथाणला गेलेत. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झालाय, तिकडेच राहायची सोय आहे. म्हणून त्यांचं वेगळं पत्र नाही.

तुमची
उज्ज्वला


अमळनेर
१ डिसेंबर २०२३

चि. संदीप व सौ. उज्ज्वला यांस आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमननं दार वाजवलेलं मला कळलं नाही, शेजारच्या सुपडूनं घेऊन ठेवलं होतं. मी ते दोनदा वाचलं. आवाज न वाढवता माझ्याशी कुणी इतकं बोललं, याला बरेच दिवस झाले.

आता रेझिस्टर. त्याचं काम करंटला अडवायचं. किती अडवायचं ते पट्ट्यांवर लिहिलेलं असतं. सोनेरी पट्टा असतो तो उजव्या हाताला धर आणि डावीकडून वाच. पहिले दोन पट्टे म्हणजे दोन आकडे. तिसरा पट्टा सांगतो की पुढं किती शून्यं द्यायची. सोनेरी म्हणजे आकड्यात पाच टक्के इकडेतिकडे चालेल.

काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ. भाकरी थापताना म्हणत जा. मी शिकलो तेव्हा सायकलवर म्हणायचो आणि लोकांना वाटायचं, पोराला काही झालंय.

तू पाठवलेला पहिला तपकिरी, काळा, लाल. एक, शून्य आणि दोन शून्यं. झाले हजार. बाजारात त्याला एक के म्हणतात. दुसरा पिवळा, जांभळा, लाल. म्हणजे चार हजार सातशे.

नेहमी दिवसाच्या उजेडात वाच. ट्यूबखाली रंग फसवतात.

संदीपला म्हणावं, चलथाणहून आलास की चार ओळी लिही. त्याच्या हातचं अक्षर बघून वर्षं झाली.

तुमचा
नाना


गोडादरा, सुरत
२६ डिसेंबर २०२३

ती. नाना,

मला रंग पाठ झाले! चंचलबेननी समोर दहाबारा रेझिस्टर टाकले, मी सगळे वाचले. त्या म्हणाल्या, "कोणे शिखवाड्युं?" मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांनी. सगळ्या बायका हसल्या. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

आता प्लेट भरायला बसते. दुपारी सुट्टीत बाकीच्या घोळक्यानं बसतात, त्यांची पोरं, त्यांच्या शाळा असं बोलणं चालतं. मला त्यात घालायला काही नसतं म्हणून मी डबा घेऊन खिडकीशी बसते. पलीकडे मागांचा कारखाना आहे. आधी त्या खडखडाटानं डोकं उठायचं. आता रविवारी तो बंद असला की मला खोलीत बसवत नाही. इथं कारखान्यात मी बेन, गल्लीत भाभी. उज्ज्वला असं कुणी म्हणून किती दिवस झाले ते आठवत नाही. स्वयंपाक अजून दोघांचाच होतो. हाताला मोजमापाची सवय लागलीय.

एक काम आहे. वर्कशॉपमध्ये एक पोतं सुटे रेझिस्टर स्वस्तात आलेत, सगळे एकमेकांत मिसळलेले. ते निवडायचं काम माझ्याकडे दिलंय. जमलं तर चंचलबेन मला कायम करणार आहेत. किंमत मोजायचा मीटर एकच आहे आणि तो टेस्टिंगच्या टेबलावरून हलत नाही. प्रत्येक जातीतला एकेक कागदावर लावून पाठवतेय. खाली किंमत लिहून कागद तसाच परत पाठवा, म्हणजे मी तो समोर ठेवून निवडीन.

हे ठीक आहेत. कामाचा जोर आहे म्हणून येणं होत नाही.

उज्ज्वला


अमळनेर
९ जानेवारी २०२४

चि. संदीप व सौ. उज्ज्वला यांस आशीर्वाद.

कागद परत पाठवतोय. प्रत्येकाखाली किंमत लिहिली आहे. काल सबंध दुपार ओट्यावर उन्हात बसलो होतो. सुपडू शिलाईचं मशीन सोडून विचारायला आला, काय करताय नाना? मी म्हटलं, सुरतेचं काम आलंय. बोलताना मलाच बरं वाटलं.

दुकान उघडत नाही हे तुला माहीत आहे. आता रेडिओ कुणी आणत नाही आणि आणला तरी तो लागला की नाही, हे मला गिऱ्हाइकाला विचारावं लागतं. तुझी सासू होती तोवर ती हातानं खुणा करून सांगायची.

दोघांचा स्वयंपाक होतो म्हणालीस. मग उरलेलं खातं कोण? टाकू नकोस. संदीप रोज येत नसेल तर कमी कर.

नाना


गोडादरा, सुरत
१८ मार्च २०२४

ती. नाना,

पत्राला उशीर झाला, रागावू नका. काम चालू आहे. थंडी संपली, आता छताचे पत्रे तापायला लागलेत.

सोबत अजून काही रेझिस्टर लावून पाठवतेय. सहजच. तुमचाही वेळ जाईल. नेहमीसारखं खाली लिहून पाठवा.

मी बरी आहे.

उज्ज्वला


अमळनेर
२ एप्रिल २०२४

चि. संदीप व सौ. उज्ज्वला यांस आशीर्वाद.

कागद सोबत आहे. हे सोपे होते. तू आता स्वतः वाचू शकतेस, तरी पाठवलेस, म्हणजे म्हाताऱ्याला कामाला लावतेस. लाव. मला आवडतं.

एक विचारतो. होळी झाली. साखर कारखान्याचं गाळप आता संपत आलं असेल. संदीप परत आला का? तुझ्या पत्रात "हे ठीक आहेत" एवढंच असतं. मागच्या पत्रात तर तेही नव्हतं. भांडलात का? भांडणं आमचीही व्हायची. पण तुझं पत्र फार आखूड होतं. तू आखूड बोलणारी नाहीस.

नाना


गोडादरा, सुरत
१४ एप्रिल २०२४

ती. नाना,

तुम्हाला वाईट वाटेल, पण लिहिते.

जानेवारीत तुम्ही पाठवलेला कागद समोर ठेवून मी सगळं पोतं निवडलं. त्यात एक होता तपकिरी, काळा आणि मग एक पट्टा. मला तो नारिंगी वाटला होता. तुम्ही खाली एक के लिहिलं होतंत, म्हणजे लाल. मला वाटलं, माझंच चुकत असेल. मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. ते सगळे एक केच्या डब्यात गेले. त्याच्या प्लेटी भरल्या, माल पार्टीकडे गेला आणि सगळा परत आला. दिवे लागत होते पण काजव्याएवढे. हजाराच्या जागी दहा हजार लागले होते. चंचलबेन ओरडल्या नाहीत. "आ शुं कर्युं, बेन?" एवढंच म्हणाल्या आणि मला परत पाय कापायला बसवलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे मला तुम्हाला सांगायचं नव्हतं. पण मग मनात आलं, नानांचं असं चुकणार नाही. म्हणून मार्चमध्ये पाठवले ते सहज नव्हते. ते मी जेवणाच्या सुट्टीत मीटरवर मोजून पाठवले होते. तुम्ही सगळे नारिंगी लाल म्हणून वाचलेत. निळ्याला काळा म्हटलंत. तोच कागद सोबत परत पाठवतेय.

नाना, तुम्हाला दिसत नाहीय. आधी कान, आता डोळे. घरात चूल पेटवता, विहिरीकडच्या रस्त्यानं जाता. माझ्या कामाचं काय व्हायचं ते होईल. तुम्ही डोळे दाखवा.

उज्ज्वला


गोडादरा, सुरत
४ मे २०२४

ती. नाना,

तुमचं पत्र नाही. सुपडूभाऊंच्या नंबरवर फोन केला तर लागत नाही. रागावला असाल तर रागावल्याचं लिहा, पण लिहा.

आखाजीचा सण आला. बाजूच्या अनुसयाताई माहेरी गेल्या, निम्मी गल्ली रिकामी झाली. मला कुठं जायचं नाही. आई असताना जायचे, आता भावाच्या घरी बोलावल्याशिवाय जाववत नाही.

उज्ज्वला


अमळनेर
१४ मे २०२४

चि. उज्ज्वलास आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या एकटीच्या नावानं आहे.

आधी रागाचं. हो, मला राग आला होता. तू माझी परीक्षा घेतलीस याचा. मग तुझा कागद घेऊन उन्हात बसलो, आणि खरंच मला काही ठरवता येईना. जांभळा तर मला गेली दोन वर्षं दिसतच नाही. पिवळ्यानंतर काळपट काही आलं की मी जांभळा म्हणतो, कारण सत्तेचाळीस बनवतात आणि चाळीस कुणी बनवत नाही. असा अंदाजानं वाचत होतो. माझ्या अंदाजानं तुझं काम गेलं. लिहायला हात उठत नव्हता.

आता दुसरं. आखाजीच्या दिवशी दुपारी संदीप आला. मी ओट्यावर सणाची सांजोरी खात होतो, सुपडूच्या घरून आली होती. मला वाटलं तू मागून येतेस. तू नव्हतीस. तो बसला नाही. उभ्यानंच बोलायला लागला. मला ऐकू येत नाही, पण पोटच्या पोराचे ओठ वाचता येतात. वापीला दुसरं घर केलं म्हणाला. गेल्या दसऱ्यापासून तिकडेच आहे. तुम्ही उज्ज्वलाला गावी बोलावून घ्या, म्हणजे मी सुटलो, असं म्हणाला.

मला पहिल्या झटक्यात कळलं होतं. तरी मी कानाला हात लावला. म्हटलं, "माले ऐकू येत नही. जोरमा बोल."

तो मोठ्यानं बोलला. मी परत म्हटलं, "अजून जोरमा."

मग तो ओरडला. सुपडूचं मशीन थांबलं. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. मी परत कानाला हात लावला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि त्याचा आवाजच निघेना. मग मी म्हटलं, आता समजलं, जा. तो गेला. ताटातलं मी तसंच ठेवलं.

चलथाणचं तू का लिहीत होतीस ते मी विचारणार नाही. मला धक्का बसू नये म्हणून असेल, किंवा तुझं तुलाच लिहवत नसेल. पण इतके महिने तू त्या खोलीत एकटी होतीस आणि मी तुला लिहीत होतो, संदीपला म्हणावं चार ओळी लिही. तुला ते वाचताना काय होत असेल!

घर तुझं आहे. तुला यायचं तर ये. त्याच्या सांगण्यावरून मी बोलावणार नाही. माझ्या मनानं बोलावतोय.

नाना


गोडादरा, सुरत
२२ मे २०२४

ती. नाना,

पत्र वर्कशॉपच्या जिन्यात वाचलं. मग तिथंच बसले. चंचलबेन खाली आल्या आणि शेजारी बसल्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी संदीप पिशवी भरत होता. मी म्हटलं, चलथाणला का? तो म्हणाला, हो. त्याला उत्तर मीच दिलं, तो फक्त हो म्हणाला. म्हणून मी तेच सगळ्यांना सांगत राहिले. कुणी विचारलं की चलथाण. म्हणता म्हणता मलाही वाटायचं, हंगाम संपला की येईल. तुम्हाला लिहिताना तर ते अगदी खरं वाटायचं, कारण तुम्ही खरं मानत होतात. ते जग मला मोडायचं नव्हतं.

नाना, मी गावी येणार नाही. तुमच्या प्रेमाला नाही म्हणत नाही. पण तिथं आले तर संदीपनं सोडलेली म्हणून राहीन. इथं निदान चुकीचे रेझिस्टर निवडणारी म्हणून तरी ओळखतात. चंचलबेननी मला परत निवडायला बसवलंय. आता मी प्रत्येक डबा भरला की त्यातले मूठभर टेस्टिंगला नेऊन मीटरवर बघते, मगच झाकण लावते. काम हळू होतं. त्या काही म्हणत नाहीत.

तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू असणार, त्याचं ऑपरेशन करून घ्या. मी त्या दिवसांत येईन असं लिहिणार होते, पण मोठ्या ऑर्डरचं काम आहे, कबूल करायला धीर होत नाही. एवढ्या एका गोष्टीत मला तुमचा आधार हवा आहे. ऑपरेशन माझ्याशिवाय करा, पण करा.

उज्ज्वला


अमळनेर
२० जून २०२४

चि. उज्ज्वलास आशीर्वाद.

ऑपरेशन झालं. सुपडू धुळ्याला घेऊन गेला. एकाच डोळ्याचं केलं, उजव्या. डावा नंतर.

पट्टीचा तो एक दिवस तुला सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. डाव्या डोळ्यानं नुसता खिडकीचा उजेड दिसत होता. कान तर नाहीतच. सुपडूला जेवायला खाली धाडलं होतं. माझ्या पलंगाभोवती माणसं असतील, नर्स असतील, पण माझ्यासाठी कुणीच नव्हतं. कुणी हाताला हात लावला की मी दचकायचो. तुझी सासू गेली तेव्हाही मी इतका एकटा नव्हतो, तेव्हा निदान रडणारी माणसं दिसत होती. मला वाटलं, उज्ज्वला त्या खोलीत रोज अशीच बसते की काय.

मग सकाळी पट्टी काढली. नर्सच्या अंगावरचा गणवेश निळा होता. एवढा निळा की मी बघतच राहिलो. तिला वाटलं म्हाताऱ्याला काही झालं. घरी आलो आणि आपल्या भिंती बघितल्या. मला त्या पिवळ्या वाटत होत्या, त्या पांढऱ्या आहेत आणि फार मळल्यात. सदऱ्याच्या कॉलरची कड उसवलीय. हे मला कुणी सांगितलं नाही, सांगणारं होतंच कोण?

तुझं येणं झालं नाही म्हणून मनात काही ठेवू नकोस. तू काम धरून ठेवलंस हे मला त्या पलंगावरही बरं वाटत होतं.

नाना


गोडादरा, सुरत
१ जुलै २०२४

ती. नाना,

तुमचं पत्र वाचून मी त्या दिवशी जेवले नाही. मग अनुसयाताईंना जाऊन सगळं सांगितलं. चलथाणचं, वापीचं, सगळं. त्या म्हणाल्या, आम्हाला माहीत होतं गं, तू बोलत नव्हतीस म्हणून आम्हीही नाही बोललो. आता रविवारी मी त्यांच्याकडे बसते.

मला कायम केलंय. मीटरचं टेबल माझ्याकडे आलंय, त्याच्या शेजारी खिडकी आहे आणि दोन खुर्च्या.

नाना, तुम्ही इकडे या. कायमचं म्हणत नाही. दुसऱ्या डोळ्याचं इथं करू, माझ्या डोळ्यांसमोर. खोली लहान आहे, मागांचा आवाज दिवसभर असतो, गुजराती तुम्हाला कळणार नाही. काहीच सोयीचं नाही. तरी या. नुसतं तुमच्या डोळ्यांसाठी या असं मला म्हणवत नाही, कारण ते पूर्ण खरं नाही. घरी आल्यावर कुणीतरी दिवा लावलेला असावा, असं मला वाटतं.

उज्ज्वला


अमळनेर
१० जुलै २०२४

चि. उज्ज्वलास आशीर्वाद.

येतो.

मागांचा आवाज मला काय करणार आहे? आणि गुजराती मला मराठीइतकीच ऐकू येईल. घराची किल्ली सुपडूकडे देतोय. दुसऱ्या डोळ्याचं तिकडंच करू. पुढचं पुढं बघू, परतायची तारीख ठरवून निघत नाही.

पुढच्या रविवारी सकाळच्या भुसावळ-सुरत गाडीनं निघेन. सुपडू मला डब्यात बसवून देईल. सुरतेच्या अलीकडे उधन्याला उतरायचं हे मी चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलंय, चुकलो तर कुणालाही दाखवीन.

स्टेशनवर गर्दी असेल. मी दिसलो की हाका मारू नकोस, त्या मला कळायच्या नाहीत आणि तू उगीच घसा ताणशील. तू सून होऊन आलीस त्याला पंधरा वर्षं झाली, त्यांत मी तुझा चेहरा नीट पाहिला तो पहिली काही वर्षंच. नंतर तू मला धुक्यातच दिसत होतीस, आणि मला वाटायचं माणसं म्हातारपणी अशीच दिसतात. तेव्हा घाई करू नकोस. चालत ये आणि समोर उभी राहा.

आता मला दिसतं.

नाना